शेतकऱ्याच्या रक्तातला सर्रा

२००४ साली चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका खेड्यातल्या शेतकऱ्याला ताप येऊ लागला. यायचा, उतरायचा, माणूस उठून कामाला लागेपर्यंत पुन्हा चढायचा. असं पाच महिने चाललं. पूर्व विदर्भात असा ताप म्हटला की घरचे, शेजारचे आणि डॉक्टर सगळ्यांच्या तोंडी पहिला शब्द येतो तो मलेरिया. त्यात चूक काहीच नाही. त्या भागात बहुतेक वेळा तोच असतो. पण या माणसाच्या रक्तात जे पोहत होतं ते मलेरियाचं नव्हतं. माणसाच्या रक्तात ते असूच शकत नाही, असं तोवरची पुस्तकं सांगत होती.

मी जनावरांच्या रक्ताच्या स्लाइड पाहण्यात बरीच वर्षं घालवली आहेत. माझ्या दृष्टीने महाराष्ट्राच्या मातीत घडलेलं परजीवीशास्त्रातलं हे सगळ्यात मोलाचं प्रकरण आहे, आणि आपल्याकडे ते फारच थोड्यांना माहीत आहे. रुग्णाचं नाव आणि गाव मी मुद्दाम देत नाही. त्याच्या रक्ताने काय शिकवलं ते मात्र सगळं सांगायचं आहे.

स्लाइडवर काय दिसतं

सर्रा हा जनावरांचा रोग, रक्तातल्या परजीवीमुळे होणारा. तो झालेल्या घोड्याच्या किंवा बैलाच्या रक्ताचा ताजा थेंब काचेवर घ्यायचा, वर पातळ कव्हरस्लिप ठेवायची आणि मायक्रोस्कोपखाली पाहायचं. सुरुवातीला परजीवी दिसत नाही. दिसते ती लाल पेशींची हालचाल. शांत पसरलेल्या पेशींच्या गर्दीत एका जागी अचानक खळबळ उडते, खालून कुणीतरी ढोसत असल्यासारखी. तिथे नजर रोखली की पेशींना बाजूला सारत वळवळत जाणारा, दोन्ही टोकांना निमुळता, पारदर्शक जीव दिसतो. लाल पेशीच्या तिप्पट-चौपट लांबीचा. अंगाच्या एका कडेने पातळ झालर असते आणि ती लाटेसारखी हलत राहते. एकदा हे पाहिलेला माणूस दुसऱ्या कशाशी त्याची गल्लत करत नाही.

हा ट्रिपॅनोसोमा. या कुळाची माणसाला ठाऊक असलेली भीषण शाखा आफ्रिकेतली आहे: ट्रिपॅनोसोमा ब्रुसीच्या दोन उपजाती, गॅम्बिएन्स आणि ऱ्होडेसिएन्स. त्सेत्से माशी चावते, परजीवी आधी रक्तात वाढतो, मग मेंदूत शिरतो. रुग्ण दिवसा झोपतो, रात्री जागतो, हळूहळू भान हरपतं आणि उपचार मिळाले नाहीत तर मृत्यू ठरलेलाच. निद्रारोग हे नाव त्यावरूनच आलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला युगांडात, व्हिक्टोरिया सरोवराच्या काठच्या बुसोगा भागात या रोगाने लाखोंचा बळी घेतला.

पण चंद्रपुरात त्सेत्से माशी नाही. भारतात कुठेच नाही. आणि हा शेतकरी आफ्रिकेतून आलेला नव्हता.

गोठ्यातला ओळखीचा रोगी

मात्र भारतात ट्रिपॅनोसोमा आहे, आणि पशुवैद्यकांना तो नवा नाही. ट्रिपॅनोसोमा इव्हान्साय, म्हणजे सर्ऱ्याचा परजीवी. १८८० साली सिंधूकाठच्या डेरा इस्माईल खान इथे ग्रिफिथ इव्हान्स या लष्करी पशुवैद्याने घोड्यांच्या आणि उंटांच्या रक्तात तो पाहिला. आजारी जनावराचं रक्त निरोगी जनावराला टोचून रोग पुढे जातो हेही त्याने दाखवलं. त्याच वर्षी अल्जीरियात अल्फॉन्स लाव्हेराननं मलेरियाचा परजीवी पाहिला, हा योगायोग मला फार आवडतो. रोग घडवणारा ट्रिपॅनोसोमा जगात पहिल्यांदा ओळखला गेला तो असा, भारतीय उपखंडात, उंटाघोड्यांच्या रक्तात. आफ्रिकेतल्या निद्रारोगाचं कारण उलगडायला त्यानंतर वीसेक वर्षं जावी लागली. इव्हान्सच्या वरिष्ठांनी त्याचं म्हणणं तेव्हा फारसं मनावर घेतलं नाही.

सर्ऱ्याचा परजीवी हा आफ्रिकेतल्या ब्रुसीचाच वंशज. त्सेत्सेच्या पोटात वाढण्यासाठी जी जनुकीय सामग्री लागते, ती त्याने वाटेत गमावली. ती नसल्याने तो माशीच्या पोटात वाढू शकत नाही, पण मग त्याला त्सेत्सेची गरजही उरली नाही. त्यामुळेच तो आफ्रिकेच्या बाहेर पडू शकला. आपल्याकडे टॅबॅनस जातीच्या मोठ्या चावऱ्या माश्या त्याला पसरवतात. ही माशी जनावराला चावते, जनावर शेपूट मारतं, ती उडते आणि अर्धवट राहिलेलं जेवण शेजारच्या जनावरावर पुरं करते. तिच्या सोंडेला लागलेलं ओलं रक्त तेवढ्यात पुढे पोचतं. पावसाळ्यात आणि त्यानंतर या माश्या वाढतात, तशी सर्ऱ्याची जनावरंही वाढतात. घोडा, उंट, कुत्रा यांना हा रोग मारतो. गायीम्हशींमध्ये तो पुष्कळदा गुपचूप राहतो: जनावर थोडं खंगतं, दूध उतरतं, अधूनमधून ताप येतो आणि मालकाला कळतही नाही की दावणीला बांधलेली म्हैस रोगाची साठवण करून उभी आहे.

आणि माणूस? शेकडो वर्षं माणसं या जनावरांसोबत एकाच छपराखाली राहत आली. त्याच माश्या माणसांनाही चावत आल्या. बाळंत होणाऱ्या गाईच्या रक्ताने माखलेले हात, त्यावरच्या भेगा आणि जखमा, हे गोठ्यातलं रोजचंच. तरीही सर्रा माणसाला होत नाही, हा अनुभव इतका पक्का होता की त्याबद्दल कुणी विचारच करत नव्हतं.

ओळख पटवणं

नागपूरचे डॉ. प्रशांत जोशी आणि त्यांचे सहकारी यांनी या रुग्णाचा अभ्यास केला. पुढे फ्रान्सचे फिलिप त्रुक आणि जागतिक आरोग्य संघटनेचे जाँ जानाँ यांच्यासारखे निद्रारोगावर आयुष्य घालवलेले लोक त्यात आले. रुग्णाच्या रक्तात परजीवींची संख्या कमीजास्त होत होती आणि तापाचे चढउतार तिच्याशी जुळत होते.

हे जुळणं या परजीवीचं खास लक्षण आहे, म्हणून इथे थोडं थांबतो. ट्रिपॅनोसोमा आपल्या अंगावर एकाच प्रकारच्या प्रथिनाचे सुमारे एक कोटी रेणू दाटीवाटीने पांघरून असतो. शरीराची संरक्षण यंत्रणा ते पांघरूण ओळखते, त्याविरुद्ध प्रतिपिंडं बनवते आणि रक्तातले बहुतेक परजीवी मारते. ताप उतरतो. पण तेवढ्यात काही थोड्यांनी पांघरूण बदललेलं असतं. वेगळ्या प्रथिनाचा अंगरखा घातलेली नवी पिढी वाढते, पुन्हा ताप चढतो. असे अंगरखे शिवायला त्याच्याकडे शेकडो जनुकं असतात. निद्रारोगावर लस निघाली नाही याचं मोठं कारण हेच. चंद्रपूरच्या त्या शेतकऱ्याचे पाच महिने म्हणजे त्याच्या शरीराने एकेक अंगरखा ओळखायचा आणि परजीवीने पुढचा घालायचा, अशी चाललेली झुंज होती.

ओळख पटवताना या मंडळींनी एका पुराव्यावर समाधान मानलं नाही. परजीवीचं रूप पाहिलं, रक्तातली प्रतिपिंडं तपासली, त्याचा डीएनए तपासला. तिन्ही वाटा एकाच ठिकाणी पोचल्या: ट्रिपॅनोसोमा इव्हान्साय. आफ्रिकेतल्या माणसांना ग्रासणाऱ्या उपजाती नव्हेत, तर गोठ्यातला सर्रा. २००५ साली हा अहवाल अमेरिकेतल्या उष्णकटिबंधीय वैद्यकाच्या नियतकालिकात आला. या परजीवीची माणसातली लागण नोंदवणारा तो जगातला पहिला अहवाल. बाधित जनावराचं रक्त अंगाला लागून संसर्ग झाला असावा, असा त्यात अंदाज होता.

मला त्यातली शिस्त महत्त्वाची वाटते. 'असं कधी होत नाही' हे वाक्य प्रयोगशाळेत फार धोक्याचं आहे. स्लाइडवर काहीतरी विचित्र दिसलं की मनात पहिला विचार येतो तो डाग पडल्याचा, नमुन्यांची अदलाबदल झाल्याचा. ती शंका घ्यायलाच हवी. पण ती तपासून दूर झाली की जे दिसतंय ते मान्य करायची हिंमतही लागते. इथे ती दिसली.

औषध

उपचार ठरवण्याआधी एक गोष्ट कळणं अत्यावश्यक होतं: परजीवी मेंदूपर्यंत पोचला आहे का? त्यासाठी पाठीच्या कण्यातलं पाणी तपासलं. त्यात परजीवी नव्हता. त्यामुळे सुरामिन देता येणार होतं. बायरच्या रसायनशास्त्रज्ञांनी १९१६ साली बनवलेलं हे औषध निद्रारोगाच्या पहिल्या टप्प्यावर अजूनही वापरलं जातं. त्याचा मोठा रेणू रक्तातून मेंदूत जात नाही, म्हणूनच मेंदू स्वच्छ असल्याची खात्री करूनच ते द्यायचं. शिरेतून हप्त्याहप्त्याने देतात आणि मूत्रपिंडावर परिणाम होतो का याकडे लक्ष ठेवावं लागतं. औषधाच्या दुकानात हे मिळत नाही, जागतिक आरोग्य संघटनेमार्फत येतं.

औषधाने रक्त स्वच्छ झालं. सहा महिने लक्ष ठेवलं, परजीवी परतला नाही. माणूस बरा झाला.

बहुतेक प्रकरणं इथेच मिटतात. रुग्ण बरा, अहवाल छापला, फाइल बंद. हे प्रकरण मिटलं नाही, कारण एक साधा प्रश्न उरला होता. या भागातल्या हजारो माणसांचा रोज जनावरांशी संबंध येतो. मग हाच माणूस का?

लाव्हेरानचं जुनं कोडं

या प्रश्नाचं मूळ १९०२ मध्ये आहे. मलेरियाचा परजीवी शोधणाऱ्या त्याच लाव्हेरानच्या लक्षात आलं की उंदरांच्या रक्तातले ट्रिपॅनोसोम माणसाच्या रक्तद्रवाने, म्हणजे पेशी वगळून उरणाऱ्या रक्ताच्या पातळ भागाने, मरतात. घोड्याच्या नाही, मेंढीच्या नाही, माणसाच्या. म्हणजे आपल्या रक्तात असं काहीतरी आहे, जे या कुळाला मारतं. कुठलाही संसर्ग न होता, लस न टोचता, जन्मापासून आपल्यासोबत असलेलं संरक्षण.

ते नेमकं काय, हे कळायला शंभर वर्षं गेली. ब्रसेल्सच्या मुक्त विद्यापीठातल्या एतिएन पेज यांच्या गटाने हा धागा दुसऱ्या टोकाकडून पकडला. माणसाला आजारी पाडणारा ऱ्होडेसिएन्स आपल्या रक्तातून वाचतो कसा, हे त्यांनी विचारलं. १९९८ मध्ये त्यांनी दाखवलं की त्याच्याकडे एक खास प्रथिन आहे आणि त्याच्या जोरावर तो तग धरतो. हे प्रथिन कशाला पकडून निकामी करतं ते शोधत गेल्यावर २००३ मध्ये उत्तर सापडलं: ॲपोलिपोप्रोटीन एल-१. यापुढे ॲपोएल-१ म्हणतो.

हे मारतं कसं, ते पाहण्यासारखं आहे. ज्याला आपण 'चांगलं कोलेस्टेरॉल' म्हणतो, त्या एचडीएलच्या काही कणांवर ॲपोएल-१ बसलेलं असतं. सोबत आणखी एक प्रथिन असतं, जे हिमोग्लोबिनला धरून ठेवतं. परजीवीला वाढीसाठी हिमोग्लोबिनमधलं हीम हवं असतं, म्हणून तो हा ऐवज आपणहून आत ओढून घेतो. १६६३ मध्ये शिवाजी महाराजांची माणसं लग्नाच्या वऱ्हाडात मिसळून पुण्यात शिरली आणि लाल महालात शाइस्ताखानावर चालून गेली, तसंच हे. पहारेकरी स्वतःच वाट देतात. आत गेल्यावर परजीवीच्या पोटातल्या आम्लतेत ॲपोएल-१ त्याच्या पटलात रुततं आणि भोकं पाडतं. क्षार आणि पाणी आत लोटतं, परजीवी फुगतो आणि फुटतो.

सर्ऱ्याच्या परजीवीकडे यावर उतारा नाही. म्हणून तो माणसात टिकत नाही. गोरिला आणि बबून यांच्याकडेही हे प्रथिन आहे, चिंपांझीकडे नाही. बबूनचं तर आपल्यापेक्षा सरस. ते ऱ्होडेसिएन्सलाही मारतं.

एक अक्षर गळालं तर

चंद्रपूरच्या शेतकऱ्याचं रक्त ब्रसेल्सला तपासलं गेलं आणि २००६ च्या डिसेंबरमध्ये निष्कर्ष छापून आले. निरोगी माणसाचा रक्तद्रव ट्रिपॅनोसोमांवर टाकला की ते मरतात. या शेतकऱ्याच्या रक्तद्रवात ते आरामात पोहत राहिले. त्यात ॲपोएल-१ नव्हतंच.

का नव्हतं, याचं उत्तर जनुकात मिळालं. प्रत्येक जनुकाच्या आपल्याकडे दोन प्रती असतात, एक आईकडून, एक वडिलांकडून. या माणसाच्या दोन्ही प्रतींत वाचनाची चौकट सरकवणारा बिघाड होता. जनुक तीन-तीन अक्षरांच्या गटांनी वाचलं जातं. 'कमळ गवत नगर पवन' हे असंच वाचा, तीन-तीन अक्षरांनी. आता 'गवत' मधला एकच 'व' गाळा आणि पुन्हा तीन-तीन वाचा: 'कमळ गतन गरप वन'. पहिला शब्द शाबूत, पुढचं सगळं निरर्थक. दोन्ही प्रतींचं असं झाल्यावर प्रथिन तयार होणार कुठून?

पण मला या अभ्यासात सगळ्यात पटतो तो पुढचा प्रयोग. जनुकात बिघाड सापडला, याचा अर्थ तोच कारण आहे असं होत नाही. माणसाच्या जनुकांत असे कितीतरी बिघाड असतात आणि त्यातले पुष्कळ काही करत नाहीत. म्हणून त्यांनी प्रयोगशाळेत बनवलेलं ॲपोएल-१ या शेतकऱ्याच्या रक्तद्रवात मिसळलं. ट्रिपॅनोसोम मरू लागले. जे नव्हतं ते परत दिलं आणि हरवलेली शक्ती परत आली. इतक्या सरळ रीतीने बांधलेला पुरावा माणसाच्या रोगांबाबत क्वचितच हाती येतो. लाव्हेरानपासून चालत आलेल्या कोड्याला प्रयोगशाळेत उत्तर मिळालं होतं, पण ते जिवंत माणसात खरं ठरतं हे चंद्रपूरच्या या शेतकऱ्यामुळे कळलं.

गावाची तपासणी

दरम्यान त्याच्या गावात तपासणी झाली. १,८०६ लोकांच्या बोटातून रक्त घेऊन सर्ऱ्याच्या परजीवीविरुद्धची प्रतिपिंडं कार्डावरच्या चाचणीने शोधली. ही चाचणी मूळची जनावरांसाठीची: पांढऱ्या कार्डावर रक्ताचा थेंब आणि निळ्या रंगाने रंगवलेले, मारून वाळवलेले परजीवी एकत्र ढवळायचे, प्रतिपिंडं असली तर निळे कण गोळा होऊन गुठळ्या धरतात. ४१० जणांची चाचणी होकारार्थी आली, म्हणजे जवळजवळ दर चौघांमागे एक. रक्तद्रव पातळ करून पुन्हा तपासल्यावर ८१ जण उरले. त्यातल्या ज्यांची प्रतिपिंडं जास्त होती अशा ६० जणांच्या रक्तात परजीवी शोधला. एकाच्याही रक्तात तो सापडला नाही.

हे आकडे घाईने वाचले तर दोन उलट चुका होऊ शकतात. पहिली, गावात सर्ऱ्याची साथ आहे असं समजण्याची. तसं नव्हतं, आजारी कुणीच नव्हतं. दुसरी, चाचणी चुकीची होती म्हणून सोडून देण्याची. काही प्रमाणात अशी चाचणी इतर कारणांनीही होकारार्थी येते, हे मान्य. पण इतकी माणसं होकारार्थी येतात, त्याचा सरळ अर्थ असा दिसतो की या माणसांच्या शरीरात परजीवी वारंवार शिरत असणार, माशीच्या चाव्यातून किंवा जनावराच्या रक्तातून. आणि दर वेळी ॲपोएल-१ त्याला संपवत असणार. गोठ्यातल्या माणसाला त्याची चाहूलही लागत नाही. मी स्वतः किती वेळा अशा जनावरांच्या रक्तात हात घातले असतील, याचा विचार हे आकडे वाचल्यावर पहिल्यांदा मनात आला.

व्हिएतनामची बाई

गोष्ट इथे नीट बसली असती. ज्याच्याकडे ॲपोएल-१ नाही त्याला सर्रा होतो, बाकीच्यांना नाही. बरीच वर्षं तसं शिकवलंही गेलं.

मग व्हिएतनामच्या दक्षिण भागातली एक रुग्ण समोर आली. आधी धडधाकट असलेली तरुण स्त्री, रक्तात ट्रिपॅनोसोमा इव्हान्साय. आसपासच्या गुरांमध्येही तो सापडला. तिचं जनुक तपासलं तर दोन्ही प्रती शाबूत. रक्तातलं ॲपोएल-१ नेहमीइतकंच. २०१६ मध्ये हा अहवाल आला.

यामुळे चंद्रपूरचा निष्कर्ष खोटा ठरत नाही. त्या माणसाला रोग का झाला, त्याचं कारण तेच आहे आणि ते प्रयोगाने सिद्ध आहे. पण 'ॲपोएल-१ असलं की माणूस सुरक्षित' हे उलटं वाक्य त्यातून निघत नाही, ते आपण आपल्या सोयीने काढलं होतं. म्हणून गाय विताना, मेलेलं जनावर उघडताना, मांस कापताना हाताला जखम असेल तर हातमोजे घालायचे. आणि ज्याच्या घरी गुरं आहेत अशा माणसाचा ताप मलेरियाच्या औषधाला दाद देत नसेल, तर रक्ताची स्लाइड ट्रिपॅनोसोमासाठीही पाहायची. तालुक्याच्या पशुचिकित्सालयात हा परजीवी ओळखणारा माणूस बसलेला असतो. माणसांच्या दवाखान्यातून त्याला विचारायची पद्धत मात्र आपल्याकडे अजून पडलेली नाही, आणि याचं मला मनापासून दुःख आहे.

मूत्रपिंडापर्यंत

या प्रकरणाने पुढे जे वळण घेतलं, त्याची कल्पना सर्ऱ्याचा अभ्यास करणाऱ्या कुणालाच नसणार.

२०१० मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवलं की आफ्रिकन वंशाच्या लोकांमध्ये मूत्रपिंडाचे काही गंभीर आजार जास्त का होतात, याचं एक मोठं कारण ॲपोएल-१ च्या दोन बदललेल्या रूपांत आहे. त्यांना जी-१ आणि जी-२ म्हणतात. ही रूपं ऱ्होडेसिएन्सलाही मारू शकतात, कारण त्याचं बचावाचं प्रथिन त्यांना नीट पकडू शकत नाही. निद्रारोगाच्या प्रदेशात त्यामुळे ती टिकली आणि पसरली. एक प्रत असली तर फायदा; पण दोन्ही प्रती तशा असल्या तर मूत्रपिंडाला धोका.

आता प्रश्न असा होता: मूत्रपिंड बिघडतं ते ॲपोएल-१ नीट काम करत नाही म्हणून, की ते जास्तीचं काहीतरी वाईट करतं म्हणून? दोन्ही शक्यतांत उपचार अगदी उलटे. पहिली खरी असेल तर प्रथिन द्यावं लागेल, दुसरी खरी असेल तर ते अडवावं लागेल. नेहमी अशा वेळी उंदरातलं ते जनुक काढून टाकून पाहतात. पण उंदरात हे जनुकच नसतं, ते फक्त माकडांच्या कुळात आलं. ज्याच्याकडे ॲपोएल-१ अजिबात नाही असा माणूस पाहायला हवा होता. आणि असा एकच माणूस जगाला ठाऊक होता. तो चंद्रपूर जिल्ह्यात राहत होता.

संशोधक पुन्हा त्याच्याकडे आले. या वेळी तापासाठी नाही. त्याचं आणि नात्यातल्या ५० गावकऱ्यांचं रक्त आणि लघवी घेतली, रक्तदाब मोजला, क्रिएटिनिन पाहिलं, लघवीतून प्रथिन जातं का ते तपासलं. २०१२ मध्ये निष्कर्ष छापला गेला: ॲपोएल-१ शिवाय जगणाऱ्या या माणसाला मूत्रपिंडाचा तो आजार नव्हता. ज्या नातेवाइकांकडे बिघडलेली प्रत होती, त्यांनाही नव्हता. लेखकांनीच लिहिलं की एवढ्या छोट्या अभ्यासातून शेवटचं उत्तर मिळत नाही. पण दिशा दिसली. प्रथिन नसणं घातक नाही. घातक आहे ते बदललेल्या प्रथिनाचं जास्तीचं काम.

मग ते काम अडवणारं औषध द्यावं, ही कल्पना पुढे आली. पण एखादं प्रथिन आयुष्यभर दाबून ठेवायचं म्हटलं की विचारावंच लागतं, त्याशिवाय माणूस धड राहील का? या प्रश्नाला कागदावरच्या कुठल्याही युक्तिवादापेक्षा मोठं उत्तर होतं, शेती करून, गुरं सांभाळून, ॲपोएल-१ शिवाय जगणारा तो माणूस. २०२३ मध्ये इनाक्साप्लिन नावाच्या औषधाची रुग्णांवरची चाचणी प्रसिद्ध झाली. जी-१, जी-२ च्या दोन प्रती असलेल्या १६ रुग्णांना ते दिलं होतं. त्यातल्या ज्या १३ जणांनी औषध नीट घेतलं, त्यांच्या लघवीतून जाणारं प्रथिन १३ आठवड्यांत सरासरी ४७.६ टक्क्यांनी कमी झालं. त्या रुग्णांना चंद्रपूर हे नाव माहीत असण्याचं काही कारण नाही.

आफ्रिकेतला निद्रारोग आता खूप मागे हटला आहे. १९९८ मध्ये सुमारे ४० हजार रुग्णांची नोंद झाली होती, २०१८ पासून वर्षाला हजाराच्या आत. तपासणी पथकं गावोगाव फिरली, माश्यांचे सापळे लागले, पोटात घ्यायची औषधं आली, म्हणून हे झालं. सर्ऱ्याचं तसं नाही. तो गोठ्यात आहे, दर पावसाळ्यानंतर वाढतो आणि त्याची औषधं जनावरांपुरतीच आहेत.

आणि तो शेतकरी. सुरामिनने त्याच्या रक्तातले परजीवी गेले, पण जनुकातला बिघाड त्याने दुरुस्त होत नाही. ॲपोएल-१ त्याच्या रक्तात तेव्हा नव्हतं, २०१२ च्या तपासणीतही नव्हतं. तो राहत होता तिथेच, गुरांच्या सोबतीने. त्याच्या गावच्या बाकीच्या माणसांना चावून निष्फळ होणारी माशी त्याला चावली तर गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सुरू होऊ शकते. त्याचं रक्त ब्रसेल्सला गेलं, त्याच्या जनुकाचं चित्र जगभरच्या वर्गांत दाखवलं जातं. माझी इच्छा एवढीच आहे की त्याला पुन्हा कधी ताप आला, तर जवळच्या आरोग्य केंद्रात त्याची स्लाइड पाहणाऱ्याला हे सगळं आधीच माहीत असावं.